रिकामा रकाना आणि गृहीत मूल्य

महाराष्ट्रातील जुन्या पिढीतील अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आढळते. पालकांना नेमकी तारीख सांगता येत नसे, रकाना कोरा ठेवता येत नसे आणि शाळा जूनमध्ये उघडत असे. तेव्हा गुरुजी अंदाजाने वर्ष धरून सोयीची तारीख लिहीत. पुढे तीच तारीख सेवापुस्तकात उतरली आणि दरवर्षी ३१ मे रोजी कितीतरी कर्मचारी एकाच वेळी सेवानिवृत्त होऊ लागले. माहिती दिली नसता रकान्यात आपोआप पडणाऱ्या अशा मूल्यास संगणकाच्या परिभाषेत ‘डिफॉल्ट’, म्हणजेच गृहीत मूल्य, असे म्हणतात. गावोगावच्या नोंदी आता संगणकावर ठेवल्या जात असल्याने या मूल्याची शक्ती आणि त्याच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

गृहीत मूल्य कसे चालते?

माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. अशा तक्त्यांशी व्यवहार करणारी एसक्यूएल ही भाषा आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी विकसित केली. १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. या भाषेत तक्ता तयार करतानाच रकान्याचे गृहीत मूल्य ठरविता येते. अर्जांच्या तक्त्यात ‘स्थिती’ या रकान्यासाठी ‘प्रलंबित’ हे मूल्य ठरविले, तर नोंद करताना त्या रकान्याचा उल्लेख न झाल्यास तेथे ‘प्रलंबित’ असे आपोआप लिहिले जाते.

तीन प्रमुख बंधने

पहिले बंधन प्रकाराचे. रकाना तारखेचा असेल तर गृहीत मूल्यही तारीखच हवे.

दुसरे बंधन शेजारच्या रकान्याचे. ‘अंतिम मुदत म्हणजे दाखल दिनांकानंतर ३० दिवस’ असे गृहीत मूल्य पोस्टग्रेस, ओरॅकल वा एसक्यूएल सर्व्हर या प्रणालींत देता येत नाही. मूल्य ठरविण्याच्या वेळी नोंद अद्याप पूर्ण झालेली नसते, हे त्याचे कारण होय. त्यासाठी गणनेने भरणारा वेगळ्या प्रकारचा रकाना किंवा ‘ट्रिगर’ ही स्वयंचलित कृती योजावी लागते.

तिसरे बंधन दुसऱ्या तक्त्याचे. घरपट्टीचा दर दरांच्या तक्त्यातून शोधून आणण्याचे काम गृहीत मूल्यावर सोपविता येत नाही. तेथेही ट्रिगरच उपयोगी पडतो. मायएसक्यूएल या प्रणालीत तर २०१८ पर्यंत ठरीव मूल्याखेरीज दुसरे काही चालत नसे. चालू दिनांक व वेळ एवढाच काय तो अपवाद. त्या वर्षीच्या ८.०.१३ आवृत्तीपासून सूत्ररूप गृहीत मूल्य देण्याची मुभा मिळाली.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रकान्याचा उल्लेख करून तेथे ‘नल’, म्हणजे रिक्त, असे मुद्दाम लिहिले, तर सामान्यतः गृहीत मूल्य लागू होत नाही. तसेच ठरविलेले मूल्य नंतर बदलले, तरी आधीच्या नोंदी जशाच्या तशा राहतात.

यंत्र जे अडवीत नाही

ही सर्व बंधने मूल्याच्या स्वरूपावर आहेत, सत्यतेवर नाहीत. ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ या रकान्यास शून्य हे गृहीत मूल्य दिले, तर संगणक ते निमूटपणे स्वीकारतो. मग ज्या घरी माहिती घेण्यास कोणी गेलेच नाही, ते घर यादीत सर्वांत गरीब ठरते आणि खरा गरजू मागे पडतो. आपल्या कार्यालयीन अहवालांत ‘निरंक’ लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे यांत जो भेद आहे, तोच येथेही पाळला पाहिजे. शून्य हे उत्तर आहे. रिक्तता म्हणजे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

म्हणून अर्जाची स्थिती, नोंदीची तारीख अशा कार्यालयाच्या स्वतःच्या गोष्टींना गृहीत मूल्य जरूर द्यावे. जन्मतारीख, उत्पन्न, जमिनीचे क्षेत्र या नागरिकांच्या गोष्टींना मात्र ते देऊ नये. तेथे माहिती मिळेपर्यंत रकाना रिक्त ठेवावा आणि रिक्त रकान्यांची यादी काढून घरोघरी जावे. गुरुजींपुढे कोऱ्या रकान्याचा पर्याय नव्हता. आपल्यापुढे तो आहे.