नवी करवत रुळावी लागते का?



मे महिना संपत आला की ठाकुर्ली-डोंबिवलीच्या रस्त्यांवर एक कर्कश घरघर ऐकू येते. पावसाळी वाऱ्यात मोडून पडतील अशा फांद्या छाटण्याचे काम चाललेले असते. झाडावरच्या माणसाच्या हातात असते पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत. (शहरातले झाड आपल्या मर्जीने तोडता येत नाही बरे का! १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे त्यासाठी परवानगी लागते.)

अशी करवत नवी आणली की सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, “पहिला दिवसभर नुसती मंद चालू ठेवा.” दुसरा म्हणतो, “तेल दुप्पट घाला.” तिसरा म्हणतो, “हल्लीच्या यंत्रांना असले काही लागत नाही.” यांपैकी खरे कोणाचे? आपणच तपासून पाहू.

एक सोपा प्रयोग

विटेचे दोन तुकडे घ्या आणि एकमेकांवर घासा. सुरुवातीला खरखर होते, भुकटी पडते. थोड्या वेळाने दोन्ही पृष्ठभाग सपाट होतात आणि हात सहज सरकू लागतो. आता दुसरे दोन तुकडे घ्या व अगदी हलके, न दाबता घासा. कितीतरी वेळ घासूनही उंचवटे तसेच राहतात. म्हणजे पृष्ठभाग एकमेकांशी जुळायला नुसते घासणे पुरत नाही. थोडा दाबही लागतो.

करवतीच्या इंजिनातही असेच घडते. पिस्टनभोवती धातूची कडी असते, तिला रिंग म्हणतात. नवी रिंग आणि सिलिंडरची भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली तरी सूक्ष्मदर्शकाखाली तेथे डोंगर-दऱ्या दिसतील. ही शिखरे झिजली की रिंग भिंतीला नीट चिकटून बसते आणि वायू निसटत नाही. यालाच यंत्र ‘रुळणे’ म्हणतात. पूर्वी नवी स्कूटर पहिली काहीशे किलोमीटर बेताने चालवीत, ती याचसाठी. तिचेही इंजिन बहुधा करवतीसारखेच द्विआघाती असे.

थोडे गणित

करवतीचे इंजिन लाकूड न कापता पूर्ण वेगाने सोडले, तर ते मिनिटाला सुमारे १३,५०० फेरे घेऊ शकते. म्हणजे सेकंदाला २२५. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो. म्हणजे सेकंदाला ४५० धावा. एक धाव ३४ मिलिमीटरची मानली तर सेकंदाला १५.३ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे ५५ किलोमीटर हा सरासरी वेग झाला! शिखरे अजून झिजलेली नसताना इतक्या वेगाने घर्षण झाले तर उष्णता फार वाढते. तेलाचा पातळ थर तुटला तर धातूला धातू चिकटतो आणि पिस्टन जाम होतो.

म्हणूनच श्टील या जर्मन कंपनीच्या पुस्तिकांत सांगितलेले असते, की पहिल्या तीन टाक्या संपेपर्यंत करवत भाराशिवाय पूर्ण वेगाने फिरवू नये. इंजिनाची पूर्ण शक्ती ५ ते १५ टाक्यांनंतर मिळते, असेही त्या सांगतात.

मग दिवसभर मंद चालवावी का?

नाही. पेट्रोल जळल्यावर तयार होणारा वायू रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो. इंजिन नुसते मंद चालले तर हा दाब कमी पडतो; आपल्या हलक्या घासलेल्या विटांसारखे होते. तेव्हा लाकूड कापावे, पण बेताने, आणि मधूनमधून थांबून.

तेल दुप्पट घालणेही चूकच. पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल पुरे. तेल वाढले की त्याच मिश्रणात पेट्रोल कमी होते, इंजिन जास्त तापू शकते, आणि आत काजळीही साचते.

विजेवरची करवत

तिच्यात पिस्टन नाही, म्हणून रिंग बसण्याचा प्रश्नच नाही. ठाकुर्लीच्या जुन्या, आता बंद झालेल्या रेल्वे वीजघरातील वाफेच्या टर्बाइनांतही पिस्टन नव्हते. टर्बाइनची पाती बाहेरच्या कवचाला घासतच नाहीत.

पण थांबा! विजेच्या करवतीलाही साखळी असतेच. नव्या साखळीच्या कड्या जोडणाऱ्या खिळ्यांपाशी धातू थोडा झिजून जागा घेतो आणि साखळी सैल पडते. सैल साखळी पट्टीवरून उतरू शकते, आणि मग कापणाऱ्याच्या अंगावर बेतते. म्हणून सुरुवातीला साखळीला भरपूर तेल द्यावे, यंत्र वरचेवर बंद करून ताण तपासावा. गरम साखळी प्रसरण पावलेली असते. ती तेव्हाच घट्ट केली तर निवल्यावर आकुंचन पावून पट्टीवर आवळते. ताण थंड झाल्यावर पाहावा, हे चांगले.

तर मित्रांनो, तिसऱ्याचे म्हणणेही अर्धेच खरे. यंत्रे आता पूर्वीपेक्षा अचूक बनतात, त्यामुळे रुळण्याचा काळ कमी झाला; पण तो संपलेला नाही. करवतीला मात्र तुम्ही हात लावू नका. फांद्या छाटणे चालू असेल तेथून दूर उभे राहा.

विचार करा : सायकलची नवी साखळी काही दिवसांनी सैल का होते? शिवणयंत्राला तेल कोठे कोठे देतात, आणि का?