दशांश स्थळे आणि टोकनांचा एकूण पुरवठा

भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अमलात आली. तोपर्यंत एका रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै होत असत. त्या दिवसापासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ज्याच्याजवळ दहा रुपये होते, त्याच्याजवळ दहा रुपयेच राहिले. बदलली ती केवळ रुपयाची विभागणी. चलनाचे एकक आणि त्याचा लघुतम अंश यांमधील हा भेद संगणकीय कूटचलनांच्या बाबतीतही मूलभूत आहे.

बिटकॉइनची कमाल संख्या २ कोटी १० लाख ठरलेली आहे. प्रत्येक बिटकॉइनचे १० कोटी भाग कल्पिलेले असून त्या भागास ‘सातोशी’ म्हणतात. खातेवहीत नोंद होते ती या सातोशींचीच. इथेरियमच्या जाळ्यावरील ‘इथर’ या चलनाची विभागणी तर १८ दशांश स्थळांपर्यंत जाते. त्याच्या लघुतम अंशाचे नाव ‘वेई’ असे आहे.

याच जाळ्यावर कोणासही स्वतःचे टोकन निर्माण करता येते. त्यासाठी २०१५ मध्ये ‘ईआरसी-२०’ हा प्रमाणित आराखडा मांडण्यात आला. टोकनाच्या आज्ञावलीत एकूण पुरवठा आणि प्रत्येकाची शिल्लक या संख्या पूर्णांकांतच साठविल्या जातात. अपूर्णांकांना तेथे स्थान नाही. दशांश स्थळांची संख्या या नोंदींत कोणताही फेरफार करीत नाही. दशांश चिन्ह उजवीकडून किती अंकांपूर्वी मांडावयाचे, एवढेच ती वाचणाऱ्यास सांगते.

यावरून पुढील नियम निघतो : जितकी पूर्ण टोकने हवी असतील, त्या संख्येवर दशांश स्थळांइतकी शून्ये देऊन येणारी संख्या एकूण पुरवठा म्हणून नोंदवावी लागते. समजा, एखाद्यास दहा लाख टोकने निर्माण करावयाची आहेत आणि दशांश स्थळे १८ आहेत. मग नोंदवावयाची संख्या १ वर २४ शून्ये इतकी होईल. त्याने केवळ १०,००,००० असा आकडा लिहिला, तर प्रत्यक्षात एका टोकनाचा लाख-कोटीवा भाग एवढाच पुरवठा निर्माण होईल. याउलट, दशांश स्थळे ६ ठेवून १ वर २४ शून्ये ही संख्या तशीच नोंदविली, तर पुरवठा इच्छित संख्येच्या एक लाख कोटीपट होईल. दोन्ही प्रसंगी यंत्राचे गणित अचूकच असते. चूक असते ती एकक न ओळखणाऱ्या माणसाची.

दशांश स्थळे किती असावीत, हे उपयोगावर अवलंबून असते. इथेरियमवर १८ स्थळांचा प्रघात आहे. डॉलरशी निगडित ‘यूएसडीसी’ आणि ‘यूएसडीटी’ या टोकनांना तेथे ६ स्थळे आहेत. प्रवेशपत्र किंवा मत यांसारख्या अविभाज्य गोष्टींसाठी शून्य स्थळे पुरतात. जाळ्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. इथेरियमवर ७८ अंकी संख्याही मावते. सोलाना या जाळ्यावर मात्र टोकनांच्या नोंदीस ६४ द्विमान अंकांचीच जागा असते. तेथे ९ स्थळे ठेवल्यास सुमारे १,८४४ कोटी टोकने निर्माण करता येतात. १८ स्थळे ठेवल्यास अवघी १८!

कागदावरील हिशेबातील चूक खोडून दुरुस्त करता येते. जाळ्यावर एकदा प्रस्थापित झालेली आज्ञावली, तशी तरतूद आधीच केलेली नसेल, तर बदलता येत नाही. तोवर टोकने लोकांच्या हाती गेली असतील, तर निर्मात्याच्या चुकीचा भार त्यांच्यावरही पडतो.

अधिक दशांश स्थळांमुळे कोणी अधिक श्रीमंत होत नाही. एकूण पुरवठ्यातील आपला वाटा किती, हाच खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी समोरचा आकडा रुपयांचा आहे की पैशांचा, हे पाहणे अगत्याचे आहे.