शंका-समाधान : बॅटरी बँक ताब्यात घेण्यापूर्वी

शंका : आमच्या पतसंस्थेच्या नव्या शाखेसाठी घेतलेल्या सीलबंद बॅटऱ्या बांधकाम रखडल्याने आठ महिने खोक्यातच आहेत. तशाच जोडल्या तर चालतील का?
– शाखा व्यवस्थापक, विटा

समाधान : तशाच जोडू नका. वापर नसला तरी बॅटरी आतून उतरत असते, आणि उतरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. साठवणीत साधारण दर सहा महिन्यांनी, गरम गोदामात त्याहून लवकर, चार्जिंग द्यावे लागते. आधी प्रत्येक सेल मोजा. पूर्ण भरलेला दोन व्होल्टचा सेल सुमारे २.१४ व्होल्ट दाखवतो. २.१०च्या खाली गेलेल्यांची नोंद करा, कंपनीच्या पत्रकाप्रमाणे चार्जिंग द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तरीही मागे राहिलेले सेल बदलून मागा.

शंका : बॅटरी सीलबंद आहे, म्हणून जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवावी म्हणतो. आमच्याकडे उन्हाळा कडक असतो.
– सोसायटीचे सचिव, चंद्रपूर

समाधान : कपाट नको. जादा चार्जिंग झाले की सीलबंद बॅटरीचा व्हॉल्व्हही उघडतो आणि हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. तो वर चढतो, म्हणून झरोका किंवा पंखा छताजवळ हवा. दुसरा शत्रू उष्णता : सतत १० अंश जास्त तापमान राहिले तर आयुष्य जवळपास निम्मे होते. चार्जरला तापमानाचा सेन्सर जोडून घ्या. २७ अंशांना सेलमागे २.२५ व्होल्ट, म्हणजे २४ सेलना ५४ व्होल्ट, हे फ्लोट व्होल्टेज धरले, तर ४० अंशांना ते ५३च्या आसपास उतरायला हवे.

शंका : मी आयटीआय करून नुकताच कामाला लागलो आहे. सेल जोडताना सर्वात जास्त काय सांभाळायचे?
– एक वाचक, सांगली

समाधान : बॅटरी बंद करायला स्विच नसतो, हे कायम ध्यानात ठेवा. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा लावा, पाना इन्सुलेशन असलेलाच वापरा. टोके घासून स्वच्छ करा आणि नट कंपनीने दिलेल्या टॉर्कनेच आवळा. सैल सांधा तापतो, अती आवळलेला टर्मिनल मोडतो. चार्जरला जोडण्याआधी एकूण व्होल्टेज मोजा. २४ सेलची बेरीज सुमारे ५१ यायला हवी. ४७ आली, तर एक सेल उलटा जोडला गेला आहे.

शंका : आमच्या रुग्णालयात ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची बँक बसवली. नवजात शिशू कक्ष तिच्यावर चालणार आहे. ठेकेदाराने मेन स्विच पाडला, दिवे चालू राहिले. आता तो सही मागतो आहे.
– एक डॉक्टर, उदगीर

समाधान : एवढ्यावर सही करू नका. जोडणी बरोबर आहे, इतकेच त्यातून कळले. बॅटरी किती वेळ टिकेल, ते कळले नाही. २०० ही क्षमता दहा तासांच्या हिशेबाची असेल, तर पूर्ण चार्जनंतर सलग २० अँपिअरचा भार दहा तास द्यायला लावा. दर तासाला प्रत्येक सेलचे व्होल्टेज लिहा, शेवटच्या तासात पंधरा-पंधरा मिनिटांनी. एकूण आकड्यावर विसंबू नका, २३ चांगल्या सेलांच्या आड एक कमजोर सेल लपतो. एखादा सेल कंपनीने ठरवलेल्या किमान व्होल्टेजखाली वेळेआधी गेला, तर तो बदलून चाचणी पुन्हा घ्या. त्या काळात कक्षासाठी जनरेटर तयार ठेवा, आणि चाचणी संपताच बँक चार्जिंगला लावा.

तारीख आणि तापमान घालून तो तक्ता जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक चाचणीची तुलना त्याच्याशीच होईल, आणि क्षमता ८० टक्क्यांखाली आली की बँक बदलायची. ठेकेदाराला दोन दिवस जास्त थांबावे लागले तर थांबू दे. तुमच्या कक्षातल्या बाळांना वीज गेल्यावर थांबता येणार नाही.