दोन गाड्यांच्या मधली वेळ

पोरी,

वारसनोंदीच्या कामाला वेल्ह्याला येणार म्हणतेस, तेही एसटीनं. ये. दोह्याला विमान बदलताना नऊ तास बसून कंटाळलीस आणि तिथून मलाच व्हिडिओ कॉल लावलास, ते मी विसरले नाही. वेल्ह्याच्या स्टँडवरही तशीच वेळ येणार, फक्त गार हवा आणि अत्तरांची दुकानं नसतील. मी या रस्त्यानं चाळीस वर्षं ये-जा केली आणि चुकायच्या तेवढ्या गाड्या चुकवल्या. तेव्हा आत्याचं ऐक.

१. उतरल्या उतरल्या आधी परतीच्या गाडीची वेळ विचार — भिंतीवरचं वेळापत्रक रंगवलं त्या दिवशी खरं होतं.

२. एकाला विचारून गप्प बसू नकोस. उतरताना कंडक्टरला विचार, मग स्टँडवर, मग चहावाल्याला. दोघांचं जुळलं की वेळ पक्की धर, आणि तिघांचं तीन तोंडांना गेलं तर चहावाल्याचं खरं मान — गाडी आली की त्याचा चहा खपतो, त्याच्याइतका कान कुणाचा नसतो.

३. शेवटची गाडी आपली समजायची नाही, तिच्या आधीची आपली — शेवटची चुकली की पहाटेच्या मुक्कामी गाडीखेरीज गत्यंतर नाही, आणि तू पहाटे किती वाजता उठतेस ते मला माहीत आहे.

४. आधी कचेरी, मग चहा — जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद झाली की आपल्या डोळ्यांदेखत गाड्या निघून जातात.

५. सातबारा, मृत्यूचा दाखला, आधार, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स पुण्याहूनच काढून आण. पावसाळ्यात लाईट गेली की झेरॉक्सचं मशीन आणि आपण, दोघंही नुसतेच बसून — एकदा मी एका पानासाठी अख्खी दुपार अशी बसले आहे.

६. अर्जावर तालुका काय लिहायचा ते खिडकीवर विचारून घे — सरकारनं तालुक्याचं नाव आता राजगड केलंय, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच, आणि खाडाखोड केलेला अर्ज कुणालाच आवडत नाही.

७. आता रुमालाची गोष्ट. गाडी लागली होती, मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि म्हटलं, निघायला वेळ आहे, एक घोट चहा घ्यावा. बशीत ओतला, फुंकर मारली, तेवढ्यात कंडक्टर मागच्या पत्र्यावर थापा मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणायला लागला. गाडी मागं आली, वळली आणि गेली. रुमाल स्वारगेटला पोचला, मी वेल्ह्यात. तेव्हापासून आमच्या घरात म्हण आहे: रुमाल बसतो, माणूस राहतो. जागा धरलीस तर त्या जागेवर तूच बस — चहा खिडकीतूनही देतात.

८. तोरणा अगदी डोक्यावर दिसतो, हात लावावा इतका जवळ. फसू नकोस. पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला तो, १,४०३ मीटर — नुसतं चढायलाच अडीच-तीन तास लागतात, दोन गाड्यांच्या मधे तो बसत नाही. महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेला हा गड, आणि इथं सापडलेल्या धनातून राजगड उभा राहिला असं सांगतात. यावेळी खालूनच बघ. वर जायला वेगळी सुट्टी काढ, मीही येईन. कोठी दरवाजापर्यंत नाही तर निदान पायथ्यापर्यंत.

९. पाय मोकळे करायचेच तर गावातल्या मेंगाईच्या देवळापर्यंत जा, फार आत शिरू नकोस. हॉर्न ऐकू येईल तेवढंच आपलं गाव — पुढचं गाव गाडी चुकलेल्यांचं.

१०. पिठलं-भाकरी आधी सांगून मग फिरायला जा, परत येऊन सांगू नकोस — घाईची भाकरी आतून कच्ची.

११. इंद्रायणी तांदूळ घ्यावासा वाटेल. घे, पण दोन किलोच. पाच किलोची पिशवी मांडीवर घेऊन उभ्यानं प्रवास करता येत नाही, हे घेताना कळत नाही — मला कळलं तेव्हा गाडी विंझरला होती.

१२. सुट्टे पैसे जवळ ठेव. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला बायकांना एसटीत अर्धं तिकीट, पण अर्ध्या तिकिटाचे पैसे हमखास अडनिडे होतात — कंडक्टर बाकी तिकिटामागं लिहून देतो आणि आपण ती मागायला विसरतो.

१३. थेट गाडी नसेल तर वडापनं चेलाडी फाट्यापर्यंत ये, म्हणजे हायवेला लागलीस. तिथून पुण्याच्या गाड्या पुष्कळ. भाडं बसायच्या आधी विचार. ‘लगेच निघतोय’ म्हणाला तर हस आणि किती माणसं भरलीत ते मोज — वडाप घड्याळावर चालत नाही, माणसं भरली की चालतं.

१४. चेलाडीला हाताशी दोन तास असतील तर नसरापूरचं बनेश्वर चुकवू नकोस. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधलं; झाडी दाट, कुंडांचं पाणी गार, उन्हाळ्यातही तिथं घाम वाळतो. तिथली घंटा मात्र नीट बघ, नुसती वाजवून पुढं जाऊ नकोस — तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ साल. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतली ही पोर्तुगीज घंटा. देवळाच्या घंटेवर क्रूस मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हीसुद्धा कुठंतरी जायला निघाली असेल, गाडी बदलायला इथं उतरली आणि राहूनच गेली.

१५. भोरवरून यायची वेळ आली तर राजवाडा गावातच आहे, बाहेरून बघून ये. भाटघरच्या धरणाचं मनात आणू नकोस — पाण्यापाशी गेलीस की तू घड्याळ बघत नाहीस, लहानपणापासून.

१६. मोबाईलची बॅटरी गाणी ऐकण्यात घालवू नकोस — घाटाकडच्या पावसात रेंज नाही आणि लाईटही नाही, अशी वेळ नेमकी परतीलाच येते.

१७. सगळ्यात शेवटचं. बाकावर तुझ्या शेजारी गाठोडं घेऊन बसलेली एखादी बाई असेल. तिला विचार, ‘कुठल्या गावच्या?’ आणि मग थोडं ऐकून घे. ती केळदची असो की पासलीची, तिला कुठली गाडी कधी येते ते पाठ असतं, आणि तू चार पावलं लांब गेलीस तरी गाडी आली की ती हाक मारते. मलाही एकदा मारली होती. दोनदा. पण मी जांभळं निवडून घेत होते.