अनवाणी डोंगर आणि आपली वारी

आपल्या आषाढीच्या मागेपुढे इथे मेयो काउंटीत मोठी यात्रा भरते. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो आयरिश भाविक ७६४ मीटर उंचीचा क्रो पॅट्रिक डोंगर चढतात, काही जण तर अनवाणी! संत पॅट्रिक यांनी तिथे ४० दिवस उपवास केला, अशी श्रद्धा आहे.

मी चढले तेव्हा शेवटच्या सुळक्यापाशी गुडघे बोलू लागले. नेमकं तिथेच यात्रेचं पहिलं स्थान आहे. दगडांच्या राशीला प्रार्थना म्हणत सात प्रदक्षिणा घालायच्या. हा नियम घालणाऱ्याला चालणाऱ्याचं शरीर कळत असावं. खड्या चढाआधी श्वास खाली बसतो, पाय मोकळे होतात.

आपली वारी आळंदी ते पंढरपूर, सुमारे २५० किलोमीटर. त्यात पुणे ते सासवड हा लांबलचक टप्पा, दिवे घाटाचा चढ आणि बहुधा एकादशीचा उपास. तरी साठीच्या बायका डोक्यावर तुळस घेऊन घाट चढतात. दातओठ खाऊन हे जमत नाही. पाऊल टाळाच्या ठेक्यावर पडतं, पंढरपूर किती राहिलं यापेक्षा पुढचा विसावा डोळ्यांपुढे असतो, आणि मुक्कामी पाय चोळून देणारे सेवेकरी भेटतात. दुखणं असतंच, ते एकट्याचं राहत नाही.

यंदा कोणी क्रो पॅट्रिकला जाणार असाल तर चारपाच जण मिळून जा. टाच चुरचुरली की लगेच पट्टी लावा, फोडाची वाट पाहू नका. पायथ्याशी काठी मिळते, ती घ्याच. चढण्यापेक्षा उतरताना तिची गरज जास्त.