गमावलेला वेग आधी परत मिळव

हिंगणा रोड, नागपूर

चि. बाळास,

तुझं पत्र मिळालं, सोबतचे गाडीचे फोटोही पाहिले. २००७ सालची पोर्शे केमन एस, तीही मूळ इंजिनासह, आजकाल सहजी हाती लागत नाही. तुझ्या आईने फोन करून ‘त्याला समजाव’ म्हटलं आहे, पण गाडी विकून टाक असं सांगायला मी हे लिहीत नाही. अशी गाडी कव्हर घालून उभी ठेवायला कोणी घेत नाही, आणि तिचा पूर्ण वेग एकदा अनुभवावा असं वाटण्यात मला काही वावगं दिसत नाही. माझा उभा जन्म गाड्यांच्याच कामात गेला, त्यामुळे ती ओढ मला चांगली कळते.

तू दोन बेत लिहिले आहेस. ईसीयू (इंजिनाचा संगणक) रिमॅप करून आणि नवा एक्झॉस्ट बसवून गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत न्यायची, हा पहिला. दिवाळीत नागपूरला येऊन, मित्राची गाडी सोबत घेऊन, पहाटे शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढायचं, हा दुसरा. दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण त्यावर बोलण्यासारखं थोडंच आहे. ते करायचं नाही.

समृद्धी १५० च्या वेगासाठी आखलेली आहे आणि मर्यादा १२० ची आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला, आणि मधल्या काळात टायर फुटून, डोळा लागून किती घरं उजाडली ते आम्ही इथे बसून पाहिलं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. ती बस नागपूरहूनच निघाली होती. त्या वर्षी आरटीओने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत झालेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगीच नाही.

तुझा हिशेब एकदा कागदावर मांडून बघ. २७५ च्या वेगाला गाडी एका सेकंदात ७६ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद धर, मग उत्तम टायर आणि कोरडा रस्ता धरून थांबायला आणखी सुमारे ३०० मीटर. म्हणजे पावणेचारशे मीटर. तुझ्या हेडलाइटचा उजेड तेवढा लांब पोचत नाही. वर्धा-अमरावतीच्या पट्ट्यात पहाटे रोही आणि रानडुकरं फिरतात. कुंपणाला कुठे खिंडार पडलं असेल ते तुला गाडीतून दिसणार नाही. शिवाय सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चढाओढ हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. त्या रस्त्यावर दुसऱ्याची लेकरं झोपलेली असतात.

आता पहिला बेत. ३०० चा आकडा डोक्यातून काढ. काहून, तर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. तुझी गाडी कारखान्यातून २९५ अश्वशक्तीची आणि २७५ च्या वेगाची म्हणून निघाली. २७५ चे ३०० करायचे तर वेग नऊ टक्केच वाढतो, पण ताकद जवळजवळ तीस टक्के जास्त लागते, म्हणजे ३८० च्या आसपास. ३.४ लिटरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला रिमॅप आणि एक्झॉस्ट ते देत नाहीत. जे देतात म्हणून सांगतील त्यांच्यापासून दूर राहा. आणि खरी गोष्ट अशी की तुझी गाडी आज २७५ सुद्धा जाणार नाही. अठरा वर्षांत रबर कडक झालं, रेडिएटर कचऱ्याने भरला, खालची पत्री कुठेतरी गळून गेली. तिने जे गमावलं ते परत मिळवून देणं हेच तुझं काम आहे. कारखान्याच्या आकड्याला एकदा, सुरक्षित जागी, नीट पोचलास की खूप झालं असं मी समजतो.

सुरुवात टायरपासून कर. इंजिनापासून नव्हे. तुझ्या मागच्या टायरचा आकार २६५/४० आर १८ आहे. २७५ च्या वेगाला तो मिनिटाला सुमारे २,१८० वेळा फिरतो. त्या वेगात टायरच्या पृष्ठभागावरचं एक ग्रॅम रबर पावणेदोन किलोच्या ओढीने बाहेर निसटू पाहतं. व्हीलबॅलन्सिंगला रिमवर चिकटवतात ते १० ग्रॅमचं वजन बारा किलोच्या जोराने बाहेर खेचलं जातं. आपल्याकडे ते वजन अंगठ्याने दाबून बसवतात आणि गाडी सोडून देतात. तू तसं करू देऊ नकोस. रिम आतून धुऊन, स्पिरिटने पुसून, मगच वजन लावायचं आणि वरून मजबूत टेप मारायची.

टायरच्या बगलेवर वेगाचं अक्षर असतं. एच म्हणजे २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. तुला वायच हवा. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसते म्हणून जुना टायर या कामाला घेऊ नये. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर आतून म्हातारं होतं आणि वरून ते कळत नाही. पंक्चर काढलेला टायर, मग ते कितीही चांगलं काढलेलं असो, या कामाला बाद. हवा थंड टायरमध्ये, कंपनीने पूर्ण वेगासाठी दिलेल्या आकड्याइतकी भर. कमी हवेचा टायर वेगात जमिनीवरून सुटताना पूर्ववत गोल होण्याआधीच पुन्हा दबतो, त्याच्या अंगावर लाट उठते, आणि ती उष्णता त्याला काही मिनिटांत फाडते. नायट्रोजन भरलास तर हरकत नाही, पण दाब कमी असेल तर नायट्रोजनही वाचवत नाही.

ब्रेकचं थोडक्यात. १२० पेक्षा २७५ ला गाडीत सव्वापाच पट ऊर्जा साठलेली असते आणि ती सगळी चार डिस्कमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी मुरलं की १५५ पर्यंत येऊ शकतो. एका पावसाळ्यानंतर ते बदलायचंच. कॅलिपरची रबरं आणि होजही त्याच वेळी बदल.

मग येतं अंग, म्हणजे बॉडी. याकडे पोरं बघत नाहीत आणि खरी लढाई इथेच असते. जर्मनीत अलोइस रुफ यांनी १९८७ साली पोर्शे ९११ वर आधारलेली सीटीआर बनवली, तिने एरा-लेसिनच्या ट्रॅकवर ताशी ३३९ किलोमीटर गाठले. इंजिनात दोन टर्बो होतेच, पण त्यांनी रुंद टर्बो बॉडी न घेता अरुंद बॉडी निवडली, छताच्या कडेच्या पावसाच्या पन्हाळी घासून काढल्या, आरसे लहान केले. हवेला जिथे जिथे धरायला जागा होती ती त्यांनी एकेक करून काढून घेतली. ही गाडी मी फक्त चित्रात पाहिली आहे, पण शिकवणुकीसाठी मला तिच्याइतकी प्रिय दुसरी नाही.

अडथळा कमी करतानाच चाकं जमिनीवर राहिली पाहिजेत. ऑडीची पहिली टीटी दिसायला फार गोजिरी होती, पण १९९९ च्या सुमारास जर्मनीच्या महामार्गांवर वेगात तिचे जीवघेणे अपघात झाले. मागचा भाग वेगात हलका होत होता. कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदललं आणि ईएसपी दिलं. तुझ्या केमनचा मागचा स्पॉयलर १२० ला आपोआप वर येतो. जुन्या गाडीत त्याची मोटर अडकते, मग मालक तो तसाच खाली ठेवून गाडी चालवतो. तो दहादा वरखाली करून बघ. तो नीट चालत नसेल तर गाडी ट्रॅकवर न्यायचीच नाही. तसंच खालची पत्री. आपल्याकडे ऑइल बदलताना ती काढतात आणि दोन क्लिप तुटल्या की कोपऱ्यात ठेवून देतात. तिच्याशिवाय गाडीखालची हवा सैरभैर होते. स्पीडब्रेकरवर घासून गेलेली पुढची लिपही मूळ मापाची बसव. दिसायला बरं म्हणून गाडी पुढून-मागून मनाला येईल तशी खाली बसवू नकोस. पुढची उंची जरा चुकली की वेगात स्टिअरिंग हलकं पडतं. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट बदलल्यावरच अलाइनमेंट कर, आधी केलेली फुकट जाते.

गरमीचं वेगळं सांगायला हवं, कारण आपण विदर्भातले. केमनचे रेडिएटर नाकाशी, दोन्ही कोपऱ्यांत असतात. त्यांच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या मध्ये कडुलिंबाचा पाला, पॉलिथिन, धूळ साचून घट्ट थर होतो. बाहेरून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही. बंपर उतरवायचा, कंडेन्सर सोडवायचा आणि हाताने साफ करायचं. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, कूलंटची टाकी आणि तिचं झाकण नवं घाल; त्या टाकीला तडे जाण्याची खोड या गाड्यांना आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, आणि तुझी गाडी त्या काळातली नाही. इंधनाच्या नळ्या आणि जोड एकेक करून तपास, आणि ट्रॅकच्या दिवशी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भर.

इंजिन शेवटी. ते उघडण्याआधी बघायचं. प्लग काढून बोअरस्कोप घाल आणि सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे आहेत का ते पाहा, विशेषतः चार ते सहा नंबरच्या बाजूला. या इंजिनाचं हे दुखणं सगळीकडे माहीत आहे. ऑइल फिल्टर कापून उघड, घड्यांमध्ये चकाकणारे कण आहेत का बघ. लीकडाउन चाचणी घे. ओरखडे सापडले तर बेत एक वर्ष पुढे ढकल आणि पैसे तिथे घाल. रिमॅपला ठेवलेले पैसे तिथेच कामी येतील.

जागा कुठली, तर पिथमपूर. इंदूरजवळचा नॅट्रॅक्सचा ट्रॅक आपल्या नागपूरहून बैतूलमार्गे सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. २९ जून २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. ११.३ किलोमीटरचा लंबगोल, १६ मीटर रुंद, चार पदरी. वळणं अशी कलती बांधली आहेत की २५० ला गाडी बाजूला ओढत नाही, आणि ३७५ पर्यंत त्यांवरून जाता येतं. महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफारिनाची बॅटिस्टा तिथेच ३५० च्या पुढे गेली. मात्र तो मुख्यतः वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे, एकट्यादुकट्याने फाटकाशी जाऊन भागत नाही. रीतसर वेळ मागावी लागते, पैसे भरावे लागतात, त्यांच्या सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात. तुझा नेहमीचा विमा वेगाच्या चाचणीला लागू होत नाही, हेही घरी आधी सांगून ठेव.

२७५ ला तो फेरा अडीच मिनिटांत संपतो. अडीच मिनिटं फार मोठी असतात बाप्पा, सबंध वेळ पेडल तळाला असतं. म्हणून टप्प्याटप्प्याने जायचं. आधी १६०, मग २००, मग २२०, मग २४०. प्रत्येक टप्प्यानंतर एक सावकाश फेरा, मग थांबून टायर हाताने चाचपायचे, दाब आणि तापमान लिहायचं, खाली वाकून ऑइल-कूलंट बघायचं. आधीच्या टप्प्यात काही थरथरलं, वास आला, काटा चढला, तर पुढचा टप्पा नाही. कडेचा वारा जोराचा असेल तर त्या दिवशी २०० च्या वर नाही. वेग जीपीएसने मोज. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवू नये असा दंडक असल्याने सगळे कारखाने तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. डिसेंबर-जानेवारीची सकाळ निवड. थंड हवा दाट असते, ती इंजिनाला ताकद देते आणि तेवढाच अडथळाही करते, त्यामुळे आकडा फारसा बदलत नाही. पण टायर आणि पाणी थंड राहतं, आणि तेच आपल्याला हवं आहे. हेल्मेट घाल, अंगावर सुती कपडे, अग्निशामक हाताशी पक्का बांधलेला. सोबत मित्राला ने, पण गाडीत नव्हे, बाहेर वॉकीटॉकी घेऊन.

हे सगळं एका दिवाळीत होणारं काम नाही. वर्ष लागेल, कदाचित दीड. सुट्टीत गाडी घेऊन ये, मर्यादेत चालवत ये, आपण लिफ्टवर घेऊन खालून दोघं मिळून बघू. तोवर रिमॅपवाल्याला पैसे देऊ नकोस, आणि चारही टायरच्या बगलेवरचे ते चार आकडे मला या आठवड्यात लिहून पाठव.

तुझा,
मामा