सूक्ष्मवाचक इंग्रजी शब्दांचें मूळ

शाळेची घंटा मिनिटावर वाजते आणि शर्यतीचा निकाल सेकंदावर लागतो. हे शब्द मराठींत इतके रुळले आहेत कीं, त्यांचा मूळ अर्थ काय, हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. अशा कांहीं सूक्ष्मवाचक इंग्रजी शब्दांची हकीकत आम्ही येथें देत आहों. कारण लहान गोष्टीचें मोल किती, हें त्या शब्दांच्या पोटांतच सांगितलेलें आहे.

बाबिलोनचे ज्योतिषी ६० च्या हिशेबानें गणित करीत. तीच रीत उचलून टॉलेमीनें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत वर्तुळाच्या अंशाचे ६० भाग केले व त्या प्रत्येकाचे पुनः ६०. लॅटिन ग्रंथकार पहिल्या भागास 'पार्स मिनूता प्रीमा', म्हणजे 'पहिला बारीक भाग', आणि दुसऱ्यास 'पार्स मिनूता सेकुंदा', म्हणजे 'दुसरा बारीक भाग', म्हणूं लागले. पुढें तासाचेही असेच भाग झाले. पहिल्या नांवांतील 'बारीक' तेवढें उरलें, तें मिनिट. दुसऱ्यांतील 'दुसरा' तेवढें उरलें, तें सेकंद. आपल्या जुन्या कालगणनेंतही दिवसाच्या ६० घटका व घटकेचीं ६० पळें असत. त्यामुळें घटका २४ मिनिटांची, तर पळ २४ सेकंदांचें होई.

'मोमेंट' हा शब्द लॅटिन 'मोमेंटुम' ह्यापासून आला. त्याचा अर्थ हालचाल. तराजूचें पारडें झुकविणाऱ्या कणाएवढ्या वजनासही तोच शब्द असे. मध्ययुगांत 'मोमेंट' म्हणजे तासाचा ४० वा भाग, अर्थात् ९० सेकंद. पुढें कोणताही क्षण. परंतु त्याच मुळापासून निघालेल्या 'मोमेंटस' ह्या शब्दाचा अर्थ 'फार महत्त्वाचें' असा आहे. ह्यांत विसंगति नाहीं. पारडीं समतोल असतां एक कणही निकाल फिरवितो.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांतील १८ व्या वचनांत, 'जॉट' आणि 'टिटल' हे शब्द जोडीनें आले आहेत. 'जॉट' म्हणजे ग्रीक 'आयोटा', त्या लिपींतील सर्वांत लहान अक्षर. 'टिटल' म्हणजे अक्षराचें बारीकसें टोक किंवा रेघ. हिब्रू लिपींत 'दालेत' व 'रेश' ह्या अक्षरांत एका कोपऱ्याच्या टोकाएवढाच फरक असतो. तें टोक पुसलें, तर 'एक' ह्या अर्थाच्या शब्दाचा 'दुसरा' होतो! आपल्याकडेही 'व'च्या पोटांत रेघ ओढतांच 'वळ' ह्याचें 'बळ' होतें.

शेवटचा शब्द 'स्क्रूपल'. लॅटिन 'स्क्रूपुलुस' म्हणजे टोकदार बारीक खडा. औषधें तोलण्याच्या जुन्या इंग्रजी मापांत 'स्क्रूपल' हें २० ग्रेनांचें वजन होतें. आजच्या इंग्रजींत त्याचा अर्थ सदसद्विवेकबुद्धीस लागलेली टोचणी. वहाणेंत शिरलेला खडा दिसत नाहीं, पण पाऊल टाकूं देत नाहीं. शेजाऱ्याच्या कागदावरून एखादें उत्तर उतरून घेतांना मनाला जें बोंचतें, तें हेंच होय.

विद्यार्थिमित्रहो, शब्दकोश उघडाल तेव्हां अर्थाबरोबर शब्दाचें मूळही पाहात जा. पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलाच्या वहींत सुटलेली मात्रा क्षुल्लक म्हणून सोडूं नये. आणि मूल आपण होऊन आपली लहानशी चूक सांगूं लागलें, तर तीही हंसण्यावारी नेऊं नये. तो खडा त्यास टोचत आहे, ही चांगलीच गोष्ट होय.